वाचून दाखविले, बरोबर आहे

ललिताताईच्या टायपिंगच्या दुकानातनं माणूस लवकर सुटलाय असं कधी झालं नाही. रेशनकार्डाचा चार ओळींचा अर्ज असू दे नाहीतर तीनशे पानांचा प्रबंध, टाइप करून झालं की बाई गिऱ्हाइकाला समोरच्या लोखंडी खुर्चीवर बसवणार आणि पहिल्या अक्षरापासनं शेवटपर्यंत वाचून दाखवणार. मग विचारणार, "बरोबर आहे?" माणसानं तोंडानं "बरोबर आहे" म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालायची नाही. लोक वैतागायचे. "अवो बाई, माझं नाव मला ठाऊक हाय की!" खरं ही बया काय हटायची नाही.

माझं दुकान तिला लागूनच, राजारामपुरीत. झेरॉक्स आणि बाइंडिंग. विद्यापीठातली पोरंपोरी तिच्याकडं प्रबंध टाइप करून घ्यायची आणि माझ्याकडं शिवायला आणायची. काळं कापड, वर सोनेरी अक्षरं. मी बाळासो. तोंडाचा फटकळ हाय, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागनं कुणी नाक मुरडायला नको.

शहाण्णव साली तिनं दुकान टाकलं. त्याच्या आधी ती कोर्टात टंकलेखक होती. कसबा बावड्यातल्या बौद्ध घरातली पोरगी, बाप साखर कारखान्यात हंगामी कामगार, घरात सरकारी नोकरी लागलेली ती पहिलीच. अशी नोकरी कुणी सोडतं? हिनं सोडली. कायम झालेली नोकरी! बाप वर्षभर तिच्याशी बोलला नाही म्हणं. मी एकदा विचारलं, "ताई, साहेबानं काय त्रास दिला काय?" तर म्हणाली, "साहेब चांगले होते. सगळे चांगले होते." आणि चष्मा पुसत बसली. पुढं विचारायची माझी छाती झाली नाही.

तिची आणखी एक खोड होती. पान संपत आलं की बोटं थांबायची आणि ती मोठ्यानं म्हणायची, "पान बदलते, थांबा हां." समोर कोणी मजकूर सांगायला असो वा नसो. पुढं कॉम्प्युटर आला, पान आपोआप बदलायला लागलं, तरी हिचं चालूच. मी भिंतीपलीकडनं ओरडायचो, "थांबलो, ताई, थांबलो! बदला तुमचं पान!" ती हसायची. त्या हसण्यात काय होतं ते मला आठ वर्षं कळलं नाही. असला मी शहाणा.

एकदा पाऊस लागला म्हणून तिला स्कूटरवरनं बावड्याला सोडायला गेलतो. चार वाजले आणि कारखान्याचा भोंगा झाला. मागं बसलेल्या बाईनं माझा शर्ट असा आवळला की वरचं बटण तुटलं. भोंगा थांबेपर्यंत सोडला नाही. मी म्हटलं, "जन्म गेला बावड्यात, आणि भोंग्याला भिताय?" ती खाली उतरून तशीच पावसात उभी राहिली, छत्री हातात, मिटलेली.

दोन हजार चार साली अदिती मॅडम आल्या. कायद्याच्या कॉलेजात शिकवायच्या, पीएच.डी. करत होत्या. बलात्काराच्या खटल्यात बाईची संमती होती का नव्हती हे कोर्ट कसं ठरवतं, हा त्यांचा विषय. आमच्या भागातले नव्वद ते दोन हजारमधले त्रेचाळीस निकाल त्यांनी गोळा केले होते, साक्षींच्या नकला काढल्या होत्या. आणि लिहीत होत्या मराठीत. म्हणायच्या, "ज्या बायकांबद्दल आहे त्यांना वाचता तरी यायला हवं." मला बाई आवडली. बाइंडिंग करताना मी चार पानं वाचतोच. बाई ओरडली का, अंगावर ओरखडे होते का, लगेच घरी सांगितलं का, यावर सगळा हिशेब. अरे, घरात साप निघाला तर धडधाकट गड्याच्या तोंडातनं आवाज फुटत नाही, आणि कोर्ट विचारतंय ओरडलीस का म्हणून! माझं डोकंच फिरायचं.

कायद्यानं बायकांची नावं लिहायची नसतात, म्हणून मॅडमनी नुसते आकडे टाकले होते. प्रकरण एक, प्रकरण दोन, असे. ललिताताई आकडे टाइप करत गेली. पाचवा भाग टाइप झाला आणि ती अडकली. तीन दिवस मॅडम यायच्या, आणि ही म्हणायची, "झालं नाही अजून." झालेलं होतं. प्रिंट काढलेली मी बघितली होती. ताईनं आयुष्यात कुणाला खोटा वायदा केला नव्हता. डोळे सुजलेले, डब्याला हात लावायची नाही. मी म्हटलं, बरं नाही वाटतं.

चौथ्या दिवशी तिनं मॅडमना खुर्चीवर बसवलं आणि वाचायला सुरुवात केली. मी कापडावर घालायचं नाव विचारायला गेलतो, दारातच थांबलो. वाचत वाचत ती आली प्रकरण सतरावर. ऊसतोडीला आलेली चंदगडकडची बाई, आरोपी टोळीचा मुकादम, जागा बावड्याच्या उसाची, वेळ दुपारी चारची. मुकादम सुटला होता. निकालात लिहिलं होतं, साक्षीदार स्वतःच कबूल करते की तिने आरडाओरडा केला नाही. मॅडमनी त्यावर फार सुंदर लिहिलं होतं. ही बाई गप्प राहिली, आणि गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. सगळा पाचवा भाग त्या बाईच्या गप्प राहण्यावर उभा होता.

ताई वाचायची थांबली. कागद खाली ठेवला.

"मॅडम, हे खोटं आहे. ती ओरडली होती."

अदिती मॅडम चपापल्या. "माझ्याकडं साक्षीची नक्कल आहे, ललिताताई. सही-शिक्क्याची."

"त्या नकलेवर खाली डाव्या कोपऱ्यात बघा. बारीक अक्षरात 'ल' आहे. टाइप करणाऱ्याची खूण. ती ल म्हणजे मी."

मॅडमनी पिशवीतनं नक्कल काढली, बघितली, आणि तशाच बसल्या. मग ताईनं सांगितलं. एकदाही रडली नाही, रोजच्या वाचायच्या आवाजात सांगितलं.

ब्याण्णवचा जानेवारी. ताई नवी, अजून कायम व्हायची होती. खटला बंद दाराआड. आत जजसाहेब, दोन वकील, आरोपी, ती बाई आणि टाइपरायटरवर ही. बाई तिच्या बोलीत, तिकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात तशी, सांगणार, जजसाहेब त्याचं शुद्ध मराठी करून सांगणार, ही टाइप करणार. तीन कागद, मध्ये दोन कार्बन. आरोपीच्या वकिलानं विचारलं, ओरडलीस का? ती म्हणाली, "वरडलो की सायब. नरडं फुटुस्तर वरडलो. पर कारखान्याचा भोंगा झाला, कुनाला ऐकू जानार?" नेमकं तेव्हाच पान संपलं. ताई कागद काढून नवे कार्बन लावत होती. जजसाहेबांनी वाक्य सांगितलं, ते नुसतं हवेत गेलं. मग विचारलं, भोंगा थांबल्यावर ओरडलीस? "न्हाय. आवाजच न्हवता ऱ्हायला." तोवर नवं पान चढलं होतं. पहिली ओळ उमटली, भोंगा थांबल्यावर मी ओरडले नाही.

"साहेब, पान बदलत होते, एक वाक्य राहिलं. एवढंच म्हणायचं होतं मला," ताई म्हणाली. "जीभच उचलली नाही. वाटलं, साहेब म्हणतील, कुठनं आणली ही बिनकामाची. वाटलं, नंतर वाचून दाखवताना घालू."

साक्ष झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. तसा नियमच आहे. चुकलं असेल तर त्यानं तिथंच सांगायचं. खरं त्या कोर्टात एक पद्धत पडलेली होती. 'वाचून दाखविले, बरोबर आहे' ही ओळ टंकलेखक शेवटी आपोआप मारून टाकायचा. दिवसाला सात-आठ साक्षी, वाचत कोण बसतो? त्या दिवशीही ताईनं ओळ मारली, कारकुनानं बाईचा अंगठा घेतला, शिपायानं पुढची केस पुकारली. सरकारी वकील खाली मान घालून पुढचे कागद लावत होता, त्याला काही पत्ता नाही. जजसाहेब आता हयात नाहीत. ती बाई काय बोलली हे, ती सोडली तर, आरोपी, त्याचा वकील आणि ललिताताई यांच्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

"निकाल पुढं कितीतरी महिन्यांनी लागला. साहेबांनी कागदावर होतं तेवढंच धरून सांगितला, मी टाइप केला," ती म्हणाली. "तोही मीच."

मॅडमनी नक्कल टेबलावर ताईपुढं ठेवली. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "कागदावर नाही ते मला लिहिता येणार नाही. तिलाच विचारावं लागेल. आणि जिचं नाव छापायला कायदा बंदी घालतो, तिच्या दारात बारा वर्षांनी मी कशी जाऊ? तिनं संसार मांडला असेल."

"मीही हेच म्हणत आले," ताई म्हणाली. "पाच वेळा एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत आले."

माझा तोल गेला. "आयला, दोघीबी शिकल्याल्या! तिचं भलं व्हतंय का वाईट व्हतंय ते तुम्हीच ठरवणार व्हय? तेव्हाबी तिला न विचारता लिहिलंसा, आताबी न विचारताच गप बसणार. चला, मी येतो. बघू परत कशा फिरताय ते."

बोलून गेलो खरं, आणि नंतर माझीच फाटली. मॅडम म्हणाल्या, आधी तुम्ही दोघंच जा. चंदगडच्या गाडीत ताई खिडकीशी बसली. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत ती नक्कल, तिच्यावरच बाईचं गाव लिहिलेलं. घाट चढताना गाडीनं हॉर्न दिला की ती डोळे मिटायची. मी विनोद करून बघितले, एकालाही हसली नाही.

बाईचं खरं नाव मी सांगणार नाही. बयाबाई म्हणू. डोंगराच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. एकटीच अंगणात बसून काजू फोडत होती. पस्तिशीची असेल, दिसायला पन्नाशीची. काजूच्या टरफलाच्या तेलानं हात मनगटापर्यंत काळे. आत म्हातारी आई अंथरुणाला.

"कोण पावणं?" ती म्हणाली.

ताई पिशवीची गाठ सोडत राहिली. शेवटी म्हणाली, "बाई, मी कोर्टात टाइप करायला होते. तुमची साक्ष तुम्हाला वाचून दाखवायची राहिली होती. ती दाखवायला आले."

बयाबाईचा हात थांबला. मला वाटलं, आता हातातलं काजू फोडायचं लोखंड फेकून मारते. तिनं माझ्याकडं बघितलं. मी उठून पार आंब्याखाली जाऊन उभा राहिलो. तिथनं ऐकू येत होतं सगळं.

"वाचा," ती म्हणाली.

ताईनं वाचलं. पहिलं पान संपलं. दुसऱ्याची पहिली ओळ वाचली, भोंगा थांबल्यावर मी ओरडले नाही. आणि थांबली.

"व्हय," बयाबाई म्हणाली. "न्हाईच वरडलो मी."

मी आंब्याला हात टेकला. ताई म्हणाली, "नाही हो. तुम्ही ओरडला होता."

"सगळी म्हनत्यात न्हाई वरडली म्हनून. जज म्हनला, गाव म्हनलं. अव्वा तर जल्माची आय, तीबी उठता बसता म्हनती, वरडली असतीस तर ही येळ आली नसती. आधी मी भांडायचो. मग मलाच वाटाय लागलं, नसंन वरडलो. रातचं पडल्यावर आठवून बघतो की. तर नुसता भोंगाच ऐकाय येतोय. माझा आवाजच न्हाय त्यात."

तेव्हा ताईनं तिचेच शब्द तिला सांगितले. जसेच्या तसे, तिच्याच बोलीत. बारा वर्षं जपून ठेवलेले. वरडलो की सायब. नरडं फुटुस्तर वरडलो. पर कारखान्याचा भोंगा झाला. "तुम्ही हे बोलला होता. मी कानांनी ऐकलंय. माझं पान बदलायचं होतं, ते माझ्याकडनं राहिलं. मी कुणाला सांगितलं नाही."

बयाबाईनं हातातला काजू खाली ठेवला.

"तुमास्नी म्हाईत हुतं?"

"हो."

"बारा वर्सं?"

"हो."

बयाबाई उठली. त्या काळ्या हातानं तिनं ताईचं मनगट धरलं आणि तिला ओढत घरात नेलं. मी धावलो, दारात पोचलो. म्हातारी डोळे किलकिले करून बघत होती.

"सांगा हिला," बयाबाई म्हणाली.

"आजी, तुमची लेक ओरडली होती."

"आं?"

"हिला कमी ऐकाय येतंय. मोठ्यानं सांगा. तसं न्हवं. मी वरडलोतो तसं सांगा!"

आठ वर्षांत ललिताताईचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी ती ओरडली. "तुमची लेक ओरडली होती! नरडं फुटेस्तोवर ओरडली होती! मी ऐकलंय! मी लिहिलं नाही, मी!" शेजारच्या घरातनं बायका बाहेर आल्या, कुत्री भुंकायला लागली. म्हातारीच्या कानात शिरलं बघा तेव्हा. तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा बयाबाईनं तो धरला.

बाहेर आल्यावर बयाबाईनं आम्हाला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. पायरीवर बसून म्हणाली, "बाई, तुमी चांगलं केलंसा का वाईट, मला कळंना. भोंगा ऐकायची सवय झालती. आता मी वरडल्यालं ऐकाय येनार. कोन येईना झालंय, आनि मी वरडतोय."

ताईनं मॅडमच्या प्रबंधाचं सांगितलं, तिचं नाव कुठं येणार नाही हेही, आणि हे लिहू का म्हणून विचारलं. 

"लिवा," बयाबाई म्हणाली. "कुठं लिवायचं ते लिवा. खरं ह्या येळंला मला वाचून दाखवल्याबिगार अंगठा धरू नगा." आणि वाण्याच्या दुकानातला फोन नंबर तिनं पाठ म्हणून दाखवला.

काजूचं तेल लई वाईट. ताईच्या मनगटावर चार बोटं उमटली होती, कातडं भाजलं होतं. मी म्हटलं, खोबरेल लावा. तिनं काहीच लावलं नाही.

मॅडमच्या गाईडनी आधी नको म्हटलं, पुरावा काय म्हणून. मॅडम अडून बसल्या. शेवटी तळटीप ठरली, खाली ललिताताईचं पूर्ण नाव घालून, तत्कालीन टंकलेखक म्हणून. कोर्टातली जुनी माणसं दुकानावरनं जाताना मान फिरवायला लागली. पाचवा भाग मॅडमनी सगळा नव्यानं लिहिला. आता तो गप्प राहिलेल्या बाईवर नव्हता. कोर्टाच्या कागदावर बाईचं बोलणं कुठं कुठं सांडतं, यावर होता.

जमा करायच्या आदल्या दिवशी पाच प्रती शिवून माझ्या टेबलावर तयार होत्या. दुपारी ताईनं माझ्या दुकानातनं वाण्याला फोन लावला. बयाबाईला बोलवून आणलं. मॅडम शेजारी उभ्या. ताईनं तळटीप वाचली. पीडितेने मोठ्याने आरडाओरडा केल्याचे न्यायालयात सांगितले होते, परंतु कारखान्याच्या भोंग्यामुळे तो कोणाला ऐकू गेला नाही.

"बरोबर आहे?" तिनं विचारलं.

पलीकडनं आवाज आला. ताईनं रिसीव्हर कानापासनं थोडा लांब धरला, म्हणजे आम्हालाही ऐकू येईल.

"बरोबर न्हाय. नरडं फुटुस्तर म्हनालोतो. ते कुठं हाय?"

अदिती मॅडमनी कपाळावर हात मारला. "मी पण तेच केलं," त्या म्हणाल्या. मी माझ्या पाच प्रतींकडं बघितलं. सोनेरी अक्षरं अजून ओली होती. च्यायला, म्हटलं, आणि कात्री शोधायला लागलो.

ताई पळत जाऊन आपल्या दुकानातल्या मशीनवर बसली, तळटीप बदलली. मॅडम रिसीव्हर धरून उभ्या होत्या, तिनं परत येऊन त्यांच्या हातातनं तो घेतला आणि वाचलं. वरडलो की सायब. नरडं फुटुस्तर वरडलो. पर कारखान्याचा भोंगा झाला, कुनाला ऐकू जानार?

पलीकडं वाण्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं बोलत होती, ती गप्प झाली.  मला वाटलं, फोन कट झाला.

"बरोबर आहे?" ताईनं पुन्हा विचारलं. 

"बरोबर हाय!" बयाबाई ओरडली. कात्री हातात धरून मी दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला होतो, तिथं मला ऐकू आलं. मग मी एकेक प्रत उसवायला घेतली.